पहिल्या धारेची गोडी

सांडूच्या हातातून काचेचा पेला निसटला आणि फरशीवर फुटला, तेव्हा भट्टीवरची सगळी माणसं हसली. सकाळी सकाळीच चढली काय, असं कुणीतरी म्हणालं. सांडू स्वतःही हसला. एकटा फारूख कल्हईवाला तेवढा हसला नाही. तो कोपऱ्यात पिंपाची तोटी झाळत बसला होता, आणि त्याची नजर काचांवर नव्हतीच, सांडूच्या मनगटावर होती. मनगट खाली लोंबत होतं. सांडूनं पंजा वर उचलायला दोनदा जोर लावला, पंजा काही उचलेना. शेवटी त्यानं दुसऱ्या हातानं तो धरला आणि धोतराला पुसल्यासारखं केलं. 

असलं मनगट त्यानं लहानपणी एकदा पाहिलं होतं. त्याच्या अब्बांचे उस्ताद म्हणून एक म्हातारबा होते, जन्मभर शिशाच्या धुरात बसलेले. त्यांना पाण्याचा गडूसुद्धा उचलत नसे, नात घास भरवायची. अब्बांनी पोराला मुद्दाम नेऊन ते हात दाखवले होते. वर म्हाताऱ्याला ओठ उचलायला लावून हिरड्यांवरची निळी रेघही दाखवली होती. नीट बघून ठेव, म्हणाले, परत दाखवायला मी नसणार. अब्बांना जाऊन वीस वर्षं झाली होती, पण ते हात फारूख विसरला नव्हता.

आता हा प्रकार कळायचा तर किल्ला छापची हकीकत आधी सांगायला हवी. औरंगाबादेत छावणीच्या अलीकडं, खाम नदीच्या काठी आप्पासाहेबांची भट्टी होती. त्यांचे वडील मोहाची गाळायचे. छावणीतल्या पलटणीला मात्र मोहाचा वास सोसत नसे, त्यांना रम हवी. ती लांबून यायची, आणि पिंप इथं पोचेपर्यंत अर्धं रिकामं झालेलं असायचं. वाटेत कोण पीत होतं ते देवाला ठाऊक. थोरल्या मालकांनी मग मुंबईहून तांब्याची भट्टी आणवली, कन्नड गावाकडचा गूळ आणि काकवी घातली, नहरीचं, म्हणजे जुन्या कालव्याचं, गार पाणी नळीवर सोडलं, आणि इथंच रम गाळायला लागले. बाटलीवर दौलताबादचा किल्ला छापला. छापणाऱ्यानं मिनार किल्ल्यापेक्षा उंच काढला, तो तसाच राहिला.

माल दोन तऱ्हेचा. एक साधी, पाणी घालून उतरवलेली. दुसरी बारूदपास. बंदुकीची चिमूटभर दारू कौलाच्या तुकड्यावर ठेवायची, ती रमनं भिजवायची आणि काडी लावायची. रम कच्ची असली तर बारूद ओली होऊन नुसती धुमसत बसते. पक्की असली तर आधी निळी ज्योत नाचते, आणि मग भक्कन भडका उडतो. दर गुरुवारी आबकारीचे दारोगा गयाससाहेब येऊन स्वतःसमोर हा भडका करून घ्यायचे आणि मगच पिंपांवर मोहोर मारायचे.

थोरल्या मालकांनी आणखी एक रीत घालून दिली होती. पहिल्या धारेचे चार थेंब विस्तवाला, आणि पहिला पेला भट्टीवाल्याचा. मालात खोट असली तर गाळणाऱ्याला आधी भोवावी, असा त्यांचा हिशेब. भट्टीवाल्यानं मानानं तो पेला दुसऱ्या कुणाला दिला, तर त्या माणसानं नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं तर भट्टीचा अपमान. सांडू बारा वर्षं भट्टीवाला होता, सिल्लोडकडून आलेला. बारा वर्षं पहिला पेला त्याचाच होता.

तर सांगायचं असं, की किल्ला छाप मुळात काही नावाजलेली नव्हती. घसा ओरबाडत जायची. लोक स्वस्त म्हणून घ्यायचे. पण गेल्या दिवाळीपासून तिच्यात गोडी उतरली. बारूदपासमध्ये तर जास्तच. छावणीतून मागणी दुप्पट झाली. पार जालन्याकडून लोक पिंप मागायला यायला लागले. सगळे म्हणायचे, हा सांडूचा हात. सांडूही मिशीवर ताव देऊन म्हणायचा, बारा वर्षांनी देवी पावली.

फारूखनं हे ऐकलं होतं आणि कानाआड केलं होतं. कारण गेल्या दिवाळीलाच त्यानं नागिणीला कल्हई केली होती. नागीण म्हणजे भट्टीची ती वेटोळी नळी. वाफ तिच्यातून जाते आणि थंड होऊन धार होते. ती तुकड्या-तुकड्यांनी सोडवायची, नवसागर मारायचा आणि आतून कथील फिरवायचं. सन तेराशे सव्वीस फसली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सोळा, तिकडं विलायतेची लढाई पेटलेली, कथील समुद्रापारहून येणारं. बाजारात कांडी मिळेना. मालक म्हणाले, आठ दिवसांत नळी पाहिजे, छावणीचा माल अडलाय, कसंही कर. फारूखनं मग होतं त्या कथलात निम्मं शिसं मिसळलं.

त्याला अब्बांची ताकीद माहीत नव्हती असं नाही. चिंच, दही, लोणचं, असल्या आंबटाच्या भांड्याला शिसं लावायचं नाही. आंबट शिशाला खातं, आणि मग त्याचं विष होतं. तेही गोड विष, जिभेला कळत नाही. पण फारूखनं मनाशी म्हटलं, दारू कुठं आंबट असते? त्यानं जन्मात थेंब तोंडाला लावला नव्हता. सांडूला नुसतं विचारलं असतं, तर त्यानं सांगितलं असतं की गुळाचा रांजण आठ दिवसांत चिंचेवाणी आंबतो, आणि पहिल्या धारेत तो आंबूसपणा येतोच. पण पाच वेळा नमाज पढणाऱ्या माणसानं दारूची चव विचारायची कशी? लाज वाटली, म्हणून विचारलं नाही. एवढीच चूक, आणि ती आता सांडूच्या मनगटात उतरली होती.

पेला फुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी फारूख सांडूच्या घरी गेला. सांडू भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. तोंड राखेसारखं झालेलं. त्याची बायको दगडाबाई सांगत होती, महिना झाला पोटात कळा येतात, पोट साफ होत नाही, अन्न नको म्हणतात. कुणाच्या डोळ्यांवर आलं असेल हो हे नाव, करणी केलीय कुणीतरी. भाईजान, खुलताबादच्या दर्ग्यातून ताईत आणून द्या, म्हणाली. असं म्हणत तिनं चुलीवरची वाटी उतरवली. वाटीत बारूदपास होती, ओवा घालून ऊन केलेली. पोटदुखीला ती रोज सकाळ-संध्याकाळ चमच्यानं पाजत होती. सांडूनं तोंड उघडलं, तेव्हा फारूखला त्याच्या हिरड्यांवरची निळी रेघ दिसली.

वैनी, ते देऊ नका, एवढं म्हणायला तोंड उघडलं होतं त्यानं. पण लगेच मनात आलं, का देऊ नको म्हणून विचारतील. मग सांगावं लागेल. ही रम छावणीत गेलीय, लढाईचे दिवस आहेत. पलटणीच्या पोटात विष घातलं म्हटल्यावर फाशीशिवाय काय आहे?  ताईत आणतो, म्हणाला आणि उठला. रस्त्यानं जाताना त्याला स्वतःची शिसारी आली. प्लेगच्या साली सगळा मोहल्ला गाव सोडून पळाला, तेव्हा फारूखच्या अम्माला पाणी पाजायला मागं राहिला तो हाच सांडू. आणि आपण त्याला चमच्यानं विष घेताना बघून घरी चाललोय.

तीन दिवस फारूखला घास गेला नाही. दारावरून कोतवालीचा शिपाई गेला तरी अंगाला घाम फुटायचा. मशिदीत शेजारचा माणूस सहज बघायला लागला, तरी वाटायचं ह्याला कळलं. शेवटी त्याची बायको गौहर त्याच्यासमोर बसली आणि काय ते बोल म्हणाली. त्यानं सगळं सांगितलं. गौहर रडली नाही, ओरडली नाही. उठली, आणि सासऱ्यांच्या पेटीतून कथलाच्या कांड्यांचं फडकं काढून आणलं. घरातल्या लेकीच्या लग्नाच्या भांड्यांसाठी अब्बांनी राखून ठेवलेल्या होत्या त्या, म्हणून दिवाळीत फारूखनं त्यांना हात लावला नव्हता.

फारूखनं एक कांडी कानाशी धरून वाकवली. ती करकरली. अस्सल कथील वाकवलं की असा आवाज करतं. शिशाला आवाज नसतो.

आप्पासाहेबांना त्यानं नळी गळतेय म्हणून सांगितलं. दोन दिवस भट्टी बंद ठेवून त्यानं नागिणीतलं जुनं अस्तर तापवून, खरवडून काढलं आणि चारी तुकड्यांत अब्बांचं कथील फिरवलं. सांडूला म्हणाला, हकिमांनी सांगितलंय, एक महिना थेंब घ्यायचा नाही, घरातली पण नाही. पेला नुसता ओठाला लाव. सांडू कुरकुरला, पण तयार झाला. फारूखला वाटलं, आता हळूहळू सगळं सरळ होईल, कुणाला काही कळायचं नाही.

कळलं. पुढच्या गुरुवारी भडका चांगला उडाला, दारोगांनी मोहोर मारली, माल छावणीत गेला आणि चार दिवसांत परत आला. ती गोडी कुठं आहे, असं छावणीवाले विचारत होते. जालन्याचे लोकही तेच म्हणाले. आप्पासाहेबांनी फारूखला बोलावलं. ते रागावले नव्हते, ह्यानंच फारूख जास्त घाबरला. त्यांनी दार लावून घेतलं आणि शांतपणे विचारलं की आधीच्या कल्हईत काय होतं. त्यांच्या टेबलावर जुन्या नळीतून खरवडलेली एक काळी खपली पडली होती. फारूखनं खरं सांगितलं. शिसं, मालक, विष आहे ते, सांडूचे हात त्यानंच गेलेत.

आप्पासाहेबांनी ती खपली उचलून कागदात गुंडाळली.

"तेच परत कर," ते म्हणाले.

फारूखला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"शिसं कुणी घातलं? तू. मी घाल म्हटलं होतं? नाही. गुरुवारच्या आत नळी पहिल्यासारखी झाली पाहिजे. नाहीतर छावणीच्या साहेबाला ही खपली मी नेऊन देतो, तुझ्या नावासकट."

फारूख बाहेर आला. केलं तर माणसं मरतील, नाही केलं तर आपण. घरी येऊन तो ओसरीत बसला. उन्हं अजून अंगणात होती. तेवढ्यात फाटकातून सांडू आला. दोन्ही पंजे खाली लोंबत होते, फाटक त्यानं कोपरानं ढकललं. खाली बसला.

मग म्हणाला, "लोक म्हनत्यात, सांडूचा हात गेला. व्हय, गेला, मला बी दिसतंय. हात गेला त्याचं काय नाय रे. पन ती गोडी गेली, त्याचं लई लागलं. तू नागिणीला आधी जे केलं व्हतं, ते परत कर. माझ्यासाठी कर."

फारूखला रडू कोसळलं. मोठ्या माणसानं दुसऱ्या मोठ्या माणसापुढं रडावं तसं नाही, पोरासारखं. रडत रडतच त्यानं सांगितलं. शिसं, आंबट वाफ, उस्तादांचे हात, हिरड्यांवरची रेघ, मालकांची धमकी, काही म्हणता काही राखून ठेवलं नाही. सांडू ऐकत राहिला. मधे त्यानं जीभ हिरड्यांवरून फिरवली.

"म्हंजी ती गोडी माझी नव्हती," तो म्हणाला.

"नाय."

सांडूनं मान हलवली. फारूखला वाटलं, आता हा शिव्या घालील, लाथ मारील, आणि मारली असती तर बरं वाटलं असतं. पण सांडूनं एवढंच विचारलं, की छावणीत गेलेल्या मालाचं काय. तो बहुतेक संपला होता. गोदामात मात्र अजून नऊ पिंपं गोड माल शिल्लक होता, आणि मालक ती पुढच्या आठवड्यात काढणार होते.

"दगडीला कळू देऊ नको," सांडू म्हणाला. "तिनं मला चमच्यानं पाजलीय."

अंगणातली उन्हं भिंतीवर चढेपर्यंत दोघं बसले. सांडू म्हणाला, भट्टीवाल्यानं पहिला पेला दिला तर कुणाला नाय म्हणता येत नाय. मालकांना देऊ. नळीत शिसंच आहे असं वाटून ते प्यायचे नाहीत, आणि का पीत नाहीत ते दारोगा विचारतील. दुसऱ्या दिवशी फारूख भट्टीवर गेला, मालकांना दिसेल अशी शिशाची लगड हातात घेऊन. नळी सोडवली, नवसागराचा पांढरा धूर भरपूर काढला, आणि आतल्या कथलाला बोटसुद्धा न लावता तुकडे पुन्हा जोडले. झालं मालक, म्हणून सांगितलं. आप्पासाहेबांनी नुसती मान डोलावली.

गुरुवार आला. गयाससाहेब दारोगा खुर्चीवर बसले, त्यांच्यामागं दोन शिपाई, शेजारी छावणीचा कारकून. जाळ वाढला, नागिणीच्या तोंडून धार सुरू झाली. फारूख खांबाला टेकून उभा होता. मालक पेला घेऊन प्यायले, तर त्यांना लगेच कळणार होतं की गोडी नाही, शिसं नाही, आपल्याला फसवलंय. मग ती खपली साहेबाच्या टेबलावर, आणि नऊ पिंपं माणसांच्या पोटात.

कौलावर बारूद ठेवली, भिजवली, काडी लावली. निळी ज्योत नाचली आणि भडका उडाला. दारोगा खूष झाले. सांडूनं चार थेंब विस्तवाला दिले. मग पेला दोन्ही मनगटांच्या मधे धरून तो आप्पासाहेबांच्या पुढं गेला.

"मालक, आज पहिला पेला तुमचा."

आप्पासाहेबांचा चेहरा उतरला. आज गुरुवार, उपास आहे, म्हणाले. गयाससाहेब हसले आणि म्हणाले, गेल्या जुमेरातीला तर चांगली दोन घेतली होती तुम्ही. सगळे हसले. सांडू हलला नाही, पेला तसाच धरून उभा राहिला. मनगटं थरथरत होती आणि रम त्याच्या कोपरावरून ओघळत होती. आप्पासाहेबांनी हात पुढं केला, मागं घेतला. पेल्याकडं बघितलं, मग फारूखकडं. दारोगांचं हसू गेलं. ते खुर्चीवरून उठले.

"ह्या पेल्यात काय आहे?" त्यांनी विचारलं.

आप्पासाहेबांनी पेल्याला शिवलं नव्हतं, पण दोषी ठरवायला तेवढं पुरणार नव्हतं, हे फारूखला कळत होतं. सांगणारा कुणीतरी लागणार होता, आणि तिथं माहीत फक्त तिघांना होतं. एकाला सांगायचं नव्हतं. दुसऱ्यानं पेला पुढं करून आपलं काम केलं होतं. फारूखनं खांब सोडला. तो पुढं आला.

"ह्या पेल्यात काही नाही हुजूर," तो म्हणाला. "गोदामातल्या नऊ पिंपांत आहे. शिसं आहे, मी घातलं. मालकांना ठाऊक झाल्यावर त्यांनी परत घालायला लावलं, ते मी घातलं नाही."

आप्पासाहेब ओरडून काही म्हणायला गेले. त्याआधीच सांडूनं पेला तोंडाला लावला आणि सगळ्यांसमोर रिकामा केला. त्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

"गोड नाय," तो म्हणाला.

दारोगांनी गोदामाला कुलूप घालून मोहोर मारायला सांगितली आणि दोघांना कोतवालीत न्या म्हणाले. एक शिपाई आप्पासाहेबांच्या बाजूला गेला, दुसऱ्यानं फारूखचा दंड धरला. फारूखनं मागं वळून बघितलं. सांडू त्याला थांब म्हणत होता, हात वर करून. हात वर झाला होता, पण पंजा खालीच लोंबत होता.